ओहोटीच्या खडकावरचा हिशोब: नर-मादी वेगळे कधी परवडतात आणि एकाच अंगात दोन्ही कधी?

खाडीकाठ

कार्टर रोडच्या खडकांवर उधाणाच्या ओहोटीला उतरलं की हातभर जागेत तीन तऱ्हेचे संसार दिसतात. पांढऱ्या बोथट शंकूंसारखे बार्नॅकल खडकाला कायमचे चिकटलेले, आणि प्रत्येकात वृषणही, अंडाशयही. त्यांच्याच फटींतून तिरका पळणारा खेकडा मात्र एक तर नर, नाही तर मादी. पोटाखालची दुमडलेली पट्टी अरुंद त्रिकोणी असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी. शेजारी कालवं. ती लहानपणी बहुधा नर असतात आणि वाढल्यावर त्यांतली बरीच मादी होतात.

बार्नॅकल आणि खेकडा दोघेही कवचधारी, म्हणजे दूरचे भाऊबंद. पाणी तेच, ऊन तेच, पावसाळ्यात येणारं गोडं पाणीही तेच. तरी एकाने दोन्ही लिंगं एका अंगात ठेवली आणि दुसऱ्याने वेगळी केली. शाळेत शिकवतात ते उत्तर असं: जागचे न हलणारे प्राणी उभयलिंगी, हिंडणारे एकलिंगी. हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं ऊर्जेच्या हिशोबात सापडतं, असं माझं ठाम मत आहे. जननासाठी ठेवलेल्या उर्जेतला शेवटचा घास नराच्या कामात घातला तर जास्त पिल्लं मिळतात की मादीच्या कामात, यावर सगळं ठरतं. या धाग्यावर तोच हिशोब मांडूया. उदाहरणं शक्यतो आपल्या किनाऱ्याची, आकडे असतील तर आकड्यांसह.

शुक्तिका

धागा फार गरजेचा होता. शाळेतलं उत्तर शिणाण्यांपाशीच अडकतं. शिणाणे हे शिंपले खडकाला धाग्यांनी बांधलेले, जवळजवळ अचल, तरी नर वेगळा आणि मादी वेगळी. शिजवायला घेतलेल्या शिणाण्यांतही ते कळतं: केशरी-लालसर मांस मादीचं, पांढरट सायीसारखं नराचं. कारण ते शुक्राणू आणि अंडी दोन्ही पाण्यात सोडतात आणि दाट थव्याने राहतात. जास्त शुक्राणू सोडले तर जास्त अंडी फळतात, म्हणजे नराच्या कामात घातलेली ऊर्जा वाया जात नाही. अशा ठिकाणी दोन्ही कारखाने एकाच घरात ठेवून काय मिळवायचं?

उलट बाजूलाही अपवाद आहेत. गांडूळ सरपटत हिंडतं, तरी उभयलिंगी. मेटाफायर या गांडुळाचं चित्र शाळेत सगळ्यांनी काढलेलं असतं: मादीछिद्र १४व्या खंडावर, नरछिद्रं १८व्यावर. तेव्हा ‘हलतो की नाही’ यापेक्षा ‘जोडीदार किती वेळा भेटतो आणि भेटल्यावर किती शुक्राणू पुरतात’ हा प्रश्न जास्त कामाचा.

आकडेमोड

शुक्तिकाताईंनी म्हटलंय त्याचंच गणित चार्नोव्ह, मेनार्ड स्मिथ आणि बुल यांनी १९७६ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. पाटी-पेन्सिलीवर होणारं आहे.

जननासाठी १०० एकक ऊर्जा आहे असं धरा. सगळी नरपणात घातली तर नराचं यश १, सगळी मादीपणात घातली तर मादीचं यश १. मादीचं यश सरळ प्रमाणात वाढतं: अर्धी ऊर्जा, अर्धी अंडी. नराचं यश मात्र लवकर मंदावतं असं समजा. आवाक्यात दोन-चारच जोडीदार असतील तर त्यांची अंडी फळवायला थोडे शुक्राणू पुरतात, पुढचे आपल्याच भावंडांशी भांडतात. म्हणून नरयश = ऊर्जेच्या वाट्याचं वर्गमूळ.

या आकारांना टिकाऊ वाटणी, म्हणजे सगळ्यांनी घेतली की जिच्यापुढे दुसरी कोणतीही सरस ठरत नाही ती, एकास दोन अशी येते. ३३ एकक नराला दिले की यश ०.५७७, ६७ एकक मादीला दिले की ०.६६७. बेरीज १.२४. शुद्ध नर किंवा शुद्ध मादी १ वरच थांबते, म्हणून उभयलिंगी जिंकतो.

आता दोन्ही अवयव, दोन्ही नळ्या, दोन्हींच्या ग्रंथी बाळगण्याचा ठराविक खर्च वजा करा. हा खर्च एकही अंडं किंवा शुक्राणू तयार होण्याआधीच भरावा लागतो.
१० एकक गेले: उरले ९०, त्यांतले ३० नराला (०.५४८), ६० मादीला (०.६). बेरीज १.१५.
२० गेले: बेरीज १.०५.
२५ गेले: उरले ७५, २५ नराला (०.५), ५० मादीला (०.५). बेरीज बरोबर १.
म्हणजे या उदाहरणात ठराविक खर्च चौथाईच्या वर गेला की एका अंगात दोन्ही ठेवणं परवडत नाही.

नराचं यश मंदावण्याऐवजी उशिरा पण जोरात वाढत असेल, तर? मोठा नांगा, मोठं अंग, लांब फिरस्ती. नरयश = वाट्याचा वर्ग धरा. अर्धी-अर्धी वाटणी केली तर नराकडून ०.२५, मादीकडून ०.५, बेरीज ०.७५. ठराविक खर्च शून्य असला तरी तोटा. अर्ध्या ताकदीचा नांगा लढाईत अर्धा जिंकत नाही, हरतोच. खेकड्याचं उत्तर इथे आहे.

वाळूचा किल्ला

एक शंका. अंडं महाग आणि शुक्राणू फुकटात पडतो, असं आपण नेहमी ऐकतो. मग प्रत्येक मादीने जाता जाता थोडे शुक्राणूही बनवावेत ना? जवळपास मोफत असेल तर सगळे प्राणी उभयलिंगी का झाले नाहीत?

आकडेमोड

चांगली शंका. एक शुक्राणू स्वस्त आहे, पण नरपण स्वस्त नाही. प्रत्येक पिल्लाला एकच बाप आणि एकच आई, म्हणून समाजातल्या सगळ्या नरांचं मिळून यश आणि सगळ्या माद्यांचं मिळून यश सारखंच भरतं. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३० साली हे दाखवलं. ‘थोडेसे शुक्राणू’ बनवणाऱ्याला त्या यशातला थोडासाच वाटा मिळतो, बाकीचा पूर्णवेळ नर घेऊन जातात. वाटा मोठा हवा तर शोधणं, लढणं, थांबून पहारा करणं आलं, आणि त्याचं बिल मोठं असतं.

शुक्राणूही नेहमी स्वस्त नसतो. ड्रॉसोफिला बायफर्का या माशीचा एक शुक्राणू सरळ केला तर ५.८ सेंटिमीटर भरतो, माशी स्वतः काही मिलिमीटरची.

आणि किंमत फक्त कॅलरीत मोजायची नसते, वेळेतही मोजायची. सी. एलेगन्स या एक मिलिमीटरच्या सूत्रकृमीत बहुतेक प्राणी उभयलिंगी असतात, नर हजारात एखाद-दुसरा. उभयलिंगी आधी सुमारे ३०० शुक्राणू बनवून साठवतो, मग त्याच ग्रंथीत कायमचा अंड्यांकडे वळतो. स्वतःच्या बळावर साधारण ३०० पिल्लं, शुक्राणू संपले की संपलं. नर मिळाला तर आकडा हजाराच्या वर जातो, म्हणजे अंडी बनवायची ताकद होती, शुक्राणू कमी पडले. मग आधीच जास्त का बनवत नाही? १९९१ साली हॉजकिन आणि बार्न्स यांनी जास्त शुक्राणू बनवणारा उत्परिवर्ती प्रकार तपासला. पिल्लं जास्त झाली, पण अंड्यांचा हंगाम उशिरा सुरू झाला, पिढीचा काळ लांबला आणि वाढीच्या शर्यतीत तो प्रकार मागे पडला.

खाडीकाठ

आता बार्नॅकल. हे मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं, कारण इथे हिशोब पट्टीने मोजता येतो.

बार्नॅकल पाण्यात शुक्राणू सोडून मोकळा होत नाही, शेजाऱ्यापर्यंत शिश्न लांबवतो. शरीराच्या मानाने प्राणिसृष्टीतलं सर्वांत लांब शिश्न याचंच, काही जातींत शरीराच्या आठपट. पोच ठराविक म्हणजे जोडीदार ठराविक, जोडीदार ठराविक म्हणजे नरयश लवकर मंदावणार. उरलेली ऊर्जा अंड्यांत घालणंच शहाणपणाचं. आकडेमोड यांचं वर्गमूळ हेच. काही जातींत हंगाम संपला की हा अवयव झिजून जातो आणि पुढच्या हंगामात पुन्हा वाढतो, म्हणजे वर्षभर सांभाळण्याचा खर्चही वाचवला जातो. लाटांचा मार जास्त असलेल्या किनाऱ्यावर तो आखूड आणि जाड होतो. लांब-बारीक असला तर लाट वाकवते, नेम चुकतो.

डार्विनने १८५१ आणि १८५४ च्या ग्रंथांत याच गटात वेगळं काही नोंदवलं: काही जातींत मोठ्या उभयलिंगी प्राण्याला चिकटलेले इवले नर. त्यांना त्याने पूरक नर म्हटलं. मोठं अंग वाढवायला लागणारं अन्नच मिळत नसेल आणि शेजारीही कमी असतील, तर लहान राहून लगेच वयात येणारा नर परवडतो. खोल समुद्रात असे बुटके नर जास्त सापडतात.

शेजारी पोचेत आहे का हे मोजायचं असेल तर: जमिनीला समांतर नाही, खडकाच्या पृष्ठभागाला समांतर कॅमेरा धरून, पट्टी ठेवून फोटो घ्यायचा. तिरका फोटो घेतला की अंतर कमी भरतं. कडेपासून कडेपर्यंत मोजू नका, तोंडाच्या मध्यापासून शेजाऱ्याच्या तोंडाच्या मध्यापर्यंत मोजा, कारण पोच तोंडातून सुरू होते. रिकामी कवचं वगळा. जिवंत प्राण्याच्या तोंडावर दोन झाकणं मिटलेली दिसतात, मेलेल्याचं तोंड उघडी विहीर असते. मग अंतराला बुडाच्या व्यासाने भागायचं. खरवडायचं काही नाही.

शुक्तिका

कालवांबद्दल लिहिते, कारण यातलं मूळ काम मुंबईतलं आहे आणि आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. इथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे प्रा. आवटी आणि त्यांचे सहकारी राय यांनी १९३१ साली मुंबईच्या कालवावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यात एक निरीक्षण आहे. काही कालवांच्या शिंपल्यात वाटाण्याएवढा मऊ खेकडा राहतो. तो कालवाच्या कल्ल्यांवर जमलेलं अन्न उचलून खातो. असा भाडेकरू असलेल्या कालवांत नरांचं प्रमाण मोठं आढळलं. अर्थ सरळ आहे: अन्न चोरीला गेलं, अंड्यांसाठी लागणारी चरबी आणि ग्लायकोजेन जमेना, तेव्हा कमी खर्चाची बाजू चालू राहिली. पुढे जपानमध्ये अमेमिया यांनी १९३० च्या दशकात कालवाच्या कल्ल्याचा भाग कापून पाहिला. तिथेही नर वाढले.

हे वर्गात दाखवायचं असेल तर पद्धत अशी.

बाजारात कोळीणमावशींकडची सोललेली कालवं या कामाला चालत नाहीत, ती गोड्या पाण्यात असतात आणि गोड्या पाण्याने पेशी फुगून फुटतात. शिंपल्यासकट, घट्ट मिटलेली मागा. प्रत्येक कालवाला वेगळी बशी, कारण आतला खेकडा बाहेर पडून दुसऱ्याच्या शिंपल्यात जाऊन बसतो आणि नोंद चुकते. शिंपला बिजागरीकडून उघडा, आधी कल्ल्यांवर खेकडा आहे का ते बघा, मगच मांसाला हात लावा. पचनग्रंथीभोवती सायीसारखा थर दिसतो, ती जननग्रंथी. सुईने टोचून थेंबभर द्रव काचेवर घ्या. त्यात गाळलेलं समुद्राचं पाणी, नसेल तर लिटरला ३० ग्रॅम मीठ घातलेलं पाणी, एक थेंब. वर काचेचं झाकण.

१०० पट मोठं करून बघितलं की अंडी दाणेदार दिसतात, आधी पेअरच्या आकाराची, पाण्यात थोडा वेळ गेला की गोल. नुसतं धूसर दूध दिसलं तर ४०० पटीवर जा. थरथरणारे बारीक ठिपके म्हणजे शुक्राणू. एकाच जागेवरून द्रव घेऊन निकाल देऊ नका. बदलाच्या मधल्या अवस्थेत एका कोपऱ्यात अंडी आणि दुसऱ्यात शुक्राणू असतात, म्हणून तीन जागा टोचा. थर पाणचट पारदर्शक असेल तर ते कालव नुकतंच रितं झालंय, त्याची नोंद ‘अनिश्चित’ अशीच करायची.

गिरगावकर

पद्धत उत्तम. पण आवटी-राय यांच्या निरीक्षणातून कारण ठरवताना एक सावधगिरी हवी. लहान कालवं तशीही नर असतात. खेकडा असलेली कालवं उपाशी राहून लहान राहिली, आणि लहान म्हणून नर राहिली, असंही असू शकतं. म्हणून तुलना करताना शिंपल्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून सारख्या आकाराच्या जोड्या लावायला हव्यात. तरी दोन्ही वाटा शेवटी अन्नापाशीच पोचतात, हे मान्य.

माशांचं कोणी लिहील का? जिताडा आधी नर असतो असं ऐकलंय.

मत्स्यबीज

बरोबर ऐकलंत. जिताडा साधारण तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो. सहा-आठ वर्षांचा, पाऊण-एक मीटरच्या आसपास झाला की त्यातले बहुतेक मादी होतात. आपला रावसही याच वळणाचा: आधी नर, मग मादी. हेकरू उलट, आधी मादी, मोठेपणी नर.

कारण अंडाशयाला जागा लागते. मासा दीडपट लांब झाला की त्याचं आकारमान १.५ × १.५ × १.५, म्हणजे जवळजवळ ३.४ पट होतं आणि अंडीही साधारण त्याच मानाने वाढतात. जिताडे घोळक्याने जनन करतात, तिथे मोठ्या नराला लहान नरापेक्षा फार जास्त मिळत नाही. म्हणून लहानपण नरपणात घालवणं आणि मोठेपण अंड्यांत घालणं किफायतशीर. जिथे मोठा नर इलाखा राखून बऱ्याच माद्या मिळवतो तिथे क्रम फिरतो. सफाई करणाऱ्या लॅब्रॉइडिस माशाच्या कळपातला नर काढला की सर्वांत मोठी मादी काही तासांत नरासारखी वागू लागते, आणि दोन-तीन आठवड्यांत तिच्यात शुक्राणू तयार होतात. रॉबर्टसन यांनी १९७२ साली हे नोंदवलं. वागणं आधी बदलतं, कारण ते स्वस्त. ग्रंथी मोडून नवी बांधणं महाग, त्याला वेळ लागतो.

बीजकेंद्रात या क्रमाचा त्रास रोज दिसतो. एकाच वेळी आणलेली जिताड्याची पिल्लं काही वर्षं सगळी नरच. म्हणून जनकसाठ्यात, म्हणजे जननासाठी राखलेल्या माशांत, वेगवेगळ्या वयाचे मासे ठेवावे लागतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली जिताड्याचं बंदिस्त जनन यशस्वी केलं, त्यांच्या पद्धतीत माद्या ४ ते ७ किलोच्या आणि नर २ ते ३ किलोचे घेतात, एका मादीमागे दोन नर. बारीक नळीने अंड्यांचा नमुना काढतात. व्यास ०.४५ मिलिमीटरच्या वर असेल तरच संप्रेरक टोचायचं, मादीला किलोमागे ६० ते ७० मायक्रोग्रॅम, नराला त्याच्या निम्मं. ३० ते ३६ तासांत अंडी पडतात. अंडी लहान असताना घाई केली तर ती नीट पिकून सुटत नाहीत आणि मादीचा हंगाम फुकट जातो. हेकरूच्या बाबतीत अडचण उलटी: नरच मिळत नाहीत, म्हणून कित्येक केंद्रं माद्यांना मिथाइल टेस्टोस्टेरॉन देऊन नर बनवतात.

मासेमारीलाही हे लागू होतं. मोठा जिताडा पकडला की मादीच गेली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये म्हणून किमान ५८ सेंटिमीटरबरोबर कमाल १२० सेंटिमीटरचीही मर्यादा आहे. आपल्याकडे फक्त लहान मासे सोडा म्हणतात. जिताडा आणि रावस यांच्यासाठी तेवढं पुरेसं नाही, आणि हे बोललं जायलाच हवं.

वाळूचा किल्ला

मग बोंबील? तोही बदलतो का?

खाडीकाठ

नाही, बोंबलात नर आणि मादी वेगळेच. पण त्याचा गोतावळा बघण्यासारखा आहे. बोंबील ज्या ऑलोपिफॉर्मिस गणात येतो, त्याच गणात खोल समुद्रातला तिपाई मासा आहे. तो लांब परांवर तळाशी उभा राहतो, अन्न वाहत येण्याची वाट बघतो, आणि एकाच वेळी नर व मादी दोन्ही असतो. तिथे दुसरा मासा कधी भेटेल याचा नेम नाही, शोधायला निघावं तर शोधण्याइतकी ऊर्जा नाही. भेटेल त्या एकाशी जुळायलाच हवं, आणि दोघेही दोन्ही असले की प्रत्येक भेट कामाची. बोंबील डोल जाळ्यात शेकड्यांनी येतो. त्याला जोडीदार शोधायचा खर्चच नाही.

गिरगावकर

पावसाळ्यात सोसायट्यांच्या बागांत येणाऱ्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायीचंही हेच ना?

शुक्तिका

हो, आणि तिथे हिशोब आपल्या विरुद्ध जातो. १८४७ साली बेन्सन यांनी ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली, तिथून पसरली. तीही लहानपणी आधी शुक्राणू बनवते, कवच आणि अंग वाढलं की अंडी. दोन कोणत्याही भेटल्या तरी जोडी जमते, शुक्राणू महिनोन्‌महिने साठवता येतात, आणि एका वेळी शंभर ते चारशे अंडी. म्हणून ‘एकच राहिली, जाऊ दे’ असं म्हणून सोडू नका. ती एकटीच बाग भरू शकते. अंडी साबुदाण्यापेक्षा मोठी, पिवळसर पांढरी, कुंड्यांखाली आणि पालापाचोळ्याखाली ओल्या मातीत दोन-तीन इंचांवर सापडतात. हातमोजे घालूनच उचला, कारण तिच्यात उंदरांच्या फुप्फुसातला कृमी असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. गोळा केलेलं सगळं मिठाच्या दाट पाण्यात. मीठ मातीत शिंपडू नका, झाडं मरतात.

आकडेमोड

मूळ मुद्द्यावर एक भर. वाटणी जन्मापासून ठरलेलीच असते असं नाही. मॅक्रोस्टोमम लिग्नानो या पारदर्शक चपट्या कृमीत शेरर आणि लाडुर्नर यांनी २००३ साली वृषण आणि अंडाशय जिवंतपणीच मोजले. दोघे एकत्र ठेवले की वृषण लहान, आठ ठेवले की वृषण मोठे आणि अंडाशय लहान. सोबती वाढले, स्पर्धा वाढली, नरयशाचा वक्र सरळ झाला, आणि प्राण्याने ऊर्जा तिकडे वळवली. बार्नॅकलमध्येही दाट वस्ती आणि विरळ वस्ती अशी तुलना करता येईल. खाडीकाठ, अंतरं मोजायला कधी उतरता येईल?

खाडीकाठ

अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत खडक पुरेसा उघडा पडत नाही. उधाणाला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणून ओहोटी सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास. सकाळची धरा, उजेड वाढत जातो. वेळापत्रकातल्या वेळेच्या तासभर आधी उतरायचं, पाणी वळलं की बाहेर. रबरी तळव्याचे बंद बूट घाला, बार्नॅकलची कड पाय कापते. भरतीरेषेपासून खाली तीन उंचींवर प्रत्येकी दहा चौकटी, चौकट १० × १० सेंटिमीटर. वरच्या पट्टीत विरळ, मधल्या पट्टीत दाट वस्ती मिळेल. एकटाच सुटलेला बार्नॅकल दिसला तर त्याचा फोटो वेगळा ठेवा. पोचेबाहेर असूनही त्याला पिल्लं होऊ शकतात: काही जाती स्वतःचीच अंडी फळवतात, आणि पॉलिसिपिस या बार्नॅकलच्या एका जातीत पाण्यातून वाहत आलेले शुक्राणू पकडले जातात असं २०१३ साली दिसलं. आपल्या पट्टेरी बार्नॅकलसाठी तेच तपासायचं आहे.